खुणेचे मासे

नवतपा लागला की नागपूरचा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, आणि पडलाच तर खिशात कांदा घेऊन पडतो. रोहिणी नक्षत्राचे हे नऊ दिवस. ऊन चढलं की आमच्या गल्लीतली दारं-खिडक्या लागतात, कूलरांची घरघर सुरू होते आणि ओल्या वाळ्याचा वास अंधाऱ्या खोल्यांत भरून राहतो. बाहेर डांबर मऊ पडलेलं असतं. कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात. परगावचे लोक विचारतात, तुम्ही राहता तरी कसे? आम्ही सांगतो, सवय. सवय वगैरे काही नसते, दरवर्षी तितकंच भाजतं.

कुमुद अशा दुपारी माझ्याकडे यायची. तिच्या घरी कूलर नव्हता असं नाही, पण "तुझ्या कूलरची हवा जास्त शिकलेली आहे" असं काहीतरी बोलत ती रिक्षातून उतरायची, डोक्याला गुंडाळलेला पंचा सोडायची आणि माठातलं पाणी उभ्यानंच प्यायची. मग आम्ही दोघी म्हाताऱ्या कैरीचं पन्हं पीत बसायचो. सगळ्या जगावर बोलायचो. त्या तलावावर मात्र कधी बोललो नाही. मागच्या थंडीत कुमुद गेली. यंदाच्या नवतप्यात कूलर माझ्या एकटीसाठी चालतो आहे, आणि मला दिवसभर तो तलावच आठवतो आहे.

तो उन्हाळा सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचा. कुमुद प्राणिशास्त्रात संशोधन करत होती आणि मी संख्याशास्त्राची नवीकोरी प्राध्यापिका होते. नागपूरच्या एसटी स्टँडवरून भंडाऱ्याची गाडी पकडायची, मौद्याला उतरायचं, पुढे धुळीच्या रस्त्यानं पायी. आता त्या बाजूला वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. तेव्हा दिसायचे ते चिंचेचे शेंडे आणि तलावाची लांबलचक पाळ. तलाव जुना, कोण्या मालगुजारानं बांधलेला. त्यात मासेमारी करणाऱ्या घरांची एक सोसायटी होती. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळेच्या खोलीत आम्ही राहायचो. मासे तिचे, गणित माझं, अशी वाटणी होती.

तलावात मासे किती, हे विचारायला सोपं आहे. पण ते काही शाळेतल्या मुलींसारखे रांगेत उभे राहत नाहीत. मग अंदाज करायचा. समजा चण्यांचं पोतं आहे आणि आत चणे किती ते माहीत नाही. मूठभर चणे काढा, हळदीत घोळवा, पुन्हा पोत्यात टाकून पोतं चांगलं हलवा. मग परत मूठभर काढा. त्यात पिवळे पुष्कळ निघाले तर पोतं लहान, क्वचित निघाले तर पोतं मोठं. माशांना हळद लावता येत नाही. म्हणून कुमुद जाळ्यातले रोहू आणि कतले एकेक करून ओल्या फडक्यात धरायची, पोटाखालच्या पराचं टोक बारीक कात्रीनं कापायची आणि मासा परत पाण्यात सोडायची. काठावर उकिडवी बसून, पदर खोचून, टोपल्यामागून टोपलं. कापताना ती ओठ दाताखाली धरायची, जणू कात्री तिलाच लागत होती.

या युक्तीला अटी असतात. खुणेचे मासे मरता कामा नयेत, ते बाकीच्यांत नीट मिसळले पाहिजेत, आणि जाळ्यात आलेली प्रत्येक खूण मोजणाऱ्याच्या नजरेस पडली पाहिजे. ही शेवटची अट पुस्तकांत एका ओळीत उरकतात. आम्हीही ती एका ओळीत लिहून मोकळ्या झालो होतो.

खरं म्हणजे असल्या अंदाजांचं एक बरं असतं. ते बरोबर की चूक, हे सहसा कोणालाच कळत नाही, कारण पाण्याखाली जाऊन मोजणार कोण? पण त्या वर्षी पाळीतून पाणी झिरपायला लागलं होतं. पावसाच्या आधी दुरुस्ती करायची म्हणून सगळा तलाव रिकामा करायचं ठरलं. सोसायटीचे लोक अगदी शेवटच्या माशापर्यंत सगळे मासे धरणार होते. म्हणजे आमच्या अंदाजासमोर खरा आकडा येऊन उभा राहणार होता. कुमुदचे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते म्हणाले होते, "अशी परीक्षा कोणाच्या नशिबी येत नाही. हे प्रकरण जमलं की तुमचा प्रबंध झाला." आणि जमलं नाही तर, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते आम्हाला ठाऊक होतं. कुमुदची शिष्यवृत्ती पावसाळ्याआधी संपत होती. दुसरा तलाव, दुसरं वर्ष, हे तिच्यासाठी नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. त्या माघात कुमुदची आई गेली होती. मुलीनं शिकावं म्हणून घरातल्या प्रत्येकाशी भांडलेली बाई. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं तेव्हाही कुमुद खोलीत आली की तिचा एकच प्रश्न असायचा, झालं का गं तुझं लिहून? कुमुदनं तिला सांगितलं होतं, उन्हाळ्यात होईल. तेरावं झाल्याबरोबर ती तलावावर परतली. मी तिला एकदाही रडताना पाहिलं नाही. मला वाटायचं, बरं आहे, कामात आहे. माणूस कामात असलं की आपण त्याला बरं आहे असं म्हणतो.

गावातल्या बायांनी मात्र काहीतरी निराळंच मनात धरलं असावं. मला त्या सगळ्यांसारखंच वागवायच्या. चिखलात पाय टाकायला मी घाबरायचे, वाळलेल्या शिंगाड्याचा काटा टोचला की किंचाळायचे, आणि त्या खो खो हसायच्या. "चष्मेवाली बाई पडली वं!" अशी आरोळी पाळीवरून पार पलीकडे जायची. पण कुमुद आली की हसू थांबायचं. तिला सावलीतली जागा मिळायची. आंबिलीचा पहिला गडवा तिला. डोंग्यातून येणारे गडी गाणं म्हणत असले तर काठाजवळ येताना गप्प व्हायचे. सायत्राबाई म्हणून एक वयस्क बाई होती, मासे विकणाऱ्या बायांमधली मोठी. तिनं एकदा काही न बोलता कुमुदला पुढ्यात बसवलं आणि तिच्या डोक्याला तेल लावून दिलं, सावकाश, लहान लेकराला लावावं तसं. मला खरंच राग आला. मी म्हटलं, मावशी, माझ्या डोक्याला तेल नको का? ती म्हणाली, "तुले काहून पाह्यजे वं? तुवं बरं चालून राहिलं."

त्या काहीच विचारायच्या नाहीत. गावातल्या बाया, आणि काहीच विचारत नाहीत! लग्न झालं का, पोरं किती, पगार किती, हे सगळं माझ्या बाबतीत पहिल्याच दिवशी विचारून झालं होतं. कुमुदला कोणी काही विचारलं नाही. आम्ही त्याचं कारण तिच्या स्वभावात शोधलं आणि खूश राहिलो.

पुन्हा धरलेले मासे सकाळी काठावर यायचे. जाळं डोंग्यातच निवडलं जायचं, टोपल्या भरून खाली उतरायच्या, मग कुमुद एकेक मासा उलटा करून पाहायची. खूण फार क्वचित निघायची. एखादा मासा, कधी तोही नाही. पिवळे चणे दिसत नव्हते, म्हणजे पोतं मोठं होतं. मी हिशेब केला, तपासला, दुसऱ्या सूत्रानं करून पाहिला. सगळीकडून तेच. आमच्या अंदाजानं तो तलाव माशांनी ठासून भरलेला होता. सर मौद्यापर्यंत जीपनं येऊन आकडा ऐकून गेले आणि जाताना कुमुदला म्हणाले, शाब्बास. त्या संध्याकाळी पाळीवर बसून तिनं पहिल्यांदा आईचं नाव काढलं. नाव म्हणजे नुसतं "आई असती तर" एवढंच.

नवतप्यात पाणी सोडलं. तलाव रोज थोडा आत सरकत गेला. काठच्या चिखलाला भेगा पडल्या, मध्ये हिरवट पाण्याचं डबकं राहिलं आणि त्यावर घारी-बगळे जमले. शेवटच्या दिवशी उजाडताच सगळं गाव चिखलात उतरलं. तो वास मी अजून विसरलेले नाही. कुजलेल्या गवताचा, माशांचा, तापलेल्या गाळाचा. टोपल्या वर येत होत्या, मी मोजून घेत होते, सर छत्रीखाली उभे होते. दुपार चढायच्या आतच मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. टोपल्या संपत आल्या होत्या. तलाव संपत आला होता. आणि आमच्या अंदाजाच्या निम्मेसुद्धा मासे बाहेर आले नव्हते.

मी कुमुदकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती चिखलात लांब उभ्या असलेल्या बायांकडे पाहत होती.

त्या घागरी घेऊन उतरल्या होत्या. डबक्यात हात घालून त्या मासे चाचपायच्या, उलटून पाहायच्या, बाकीचे टोपलीत टाकायच्या आणि काही तेवढे घागरीत सोडायच्या. घागरीत पाणी होतं. भरलेल्या घागरी डोक्यावर घेऊन त्यांची रांग पाळीकडे निघाली होती. कुमुद धावली. चिखलातून धावता येत नाही, ती पडली, उठली, पुन्हा धावली. मीही मागे. पहिल्या घागरीत तिनं हात घातला आणि मासा वर काढला. पोटाखालच्या पराचं टोक कापलेलं होतं. दुसरा काढला, तोही तसाच. सगळे जिवंत होते.

"अहो, थांबवा त्यांना!" सर वरून ओरडले. "खुणेचे किती निघाले तेच कळलं नाही, तर हातात काय राहिलं?"

मी रांगेपुढे जाऊन आडवी उभी राहिले. "मावशी, हे मासे आमचे आहेत. मोजायचे आहेत."

"बाजूले हो वं," सायत्राबाई म्हणाली. "पानी तपून राहिलं घागरीतलं. नदीवर नेतो ह्यायले."

"पण कशाला?"

कुमुदकडे वळून, आवाज खाली आणून ती बोलली. "पोरी, आमच्या गावात मानूस गेलं का तेराव्याले एक मासा सोडतेत. शेपटीचं टोक कापून. तो मंग त्या मानसाचा. जाळ्यात आला तं तोंडातून शब्द नाई काढाचा, गुपचाप पान्यात सोडाचा. तू तं टोपलेच्या टोपले सोडून राहिली होती. आमी म्हनलं, काय झालं असन या पोरीच्या घरी? पटकी आली का माता आली? इचाराचं कसं? डोंग्यातले गडी बी तुहे मासे ओळखून वापस सोडे."

ही रीत त्या एका गावाची. पलीकडच्या गावात नंतर विचारलं तर कोणाला माहीतही नव्हती. शेपटी असो की पर, कापलेला मासा म्हणजे सोडलेला मासा, एवढं त्यांना पुरे होतं. म्हणून आमचे पिवळे चणे दिसत नव्हते. अख्खं गाव आठवडेच्या आठवडे, रोज सकाळी, आमच्या डोळ्यांआड, एका मुलीचे मेलेले नातेवाईक हलक्या हातानं पाण्यात परत ठेवत होतं.

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, आधी हसूच आलं. मी तोंड उघडलं, सांगायला की अहो, कोणी मेलं नाही, हे गणित आहे. कुमुदनं माझं मनगट धरलं. चिखलानं भरलेला हात, पण पकड अशी की दुखलं.

"इतके कोन कोन गेले वं तुह्या घरचे?" सायत्राबाईनं विचारलं. इतके दिवस न विचारलेला प्रश्न.

"आई," कुमुद म्हणाली.

"अन् बाकीचे?"

सर पाळीवरून खाली यायला निघाले होते. कुमुदनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली वाकून एक घागर उचलली, डोक्यावर घेतली आणि रांगेत उभी राहिली. मोजणी तिथेच संपली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. सर दुष्ट नव्हते. त्यांनी वाट काढून दिली होती. लिहा की पर कापल्यामुळे खुणेचे मासे मेले, म्हणून अंदाज फुगला. असं होतं, सगळीकडे होतं, परीक्षक मान्य करतील. कुमुद म्हणाली, मेले नाहीत सर, मी डोक्यावरून नेले. मग खरं कारण लिही, मी म्हटलं. त्यासाठी आकडा लागत होता. किती मासे परत सोडले, कोणी, किती वेळा. म्हणजे गावात जाऊन घरोघर विचारायचं, ज्याबद्दल ते शब्द काढत नाहीत त्याचा हिशेब मागायचा, आणि आधी सांगायचं की तुम्ही ज्यांना जपलंत ते कोणीच नव्हते. कुमुद गेली नाही. मला जाऊ दिलं नाही. प्रबंध राहिला तो राहिलाच. तिनं धरमपेठेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. चांगलं शिकवलं असं तिच्या मुली सांगतात.

मला तिचा राग होता. अजूनही आहे, आणि आता ती नाही म्हणून तो कुठे ठेवावा ते कळत नाही. एवढं शिकून, एवढं उन्हात भाजून, हातातोंडाशी आलेलं तिनं असं का सोडलं? आईला दिलेला शब्द होता ना? वर्गात ते सूत्र शिकवताना त्या शेवटच्या अटीपाशी मी दरवर्षी अडखळायचे. मुलींना वाटायचं, बाई विसरल्या. मी एवढंच सांगायचे की माणसं नेहमी चुकून किंवा वाईट हेतूनंच लपवतात असं नाही, ते आपल्या समीकरणात बसवून पाहा. मुली ते लिहून घेत. परीक्षेत कोणी लिहीत नसे, आणि मी त्याचे गुणही ठेवले नव्हते.

पण राग करायला बसले की नदी आठवते, आणि मग राग पुरा होत नाही.

कन्हान तिथून जवळ होती. आम्ही शेतं ओलांडून गेलो. पायाखालची ढेकळं तव्यासारखी तापलेली. उन्हाळ्यात नदी म्हणजे वाळूच. एका कडेला खडकाखाली डोह होता, तेवढंच पाणी. बाया गुडघाभर उतरल्या. आधी गावाचे मासे, शेपटी कापलेले. एकेक मासा हातात घ्यायचा, नाव घ्यायचं, सोडायचा. कोणी रडत नव्हतं. कामासारखं काम चाललं होतं. मग पोटाखालचा पर कापलेले सगळे मासे असलेल्या घागरी त्यांनी कुमुदपुढे ठेवल्या. मी काठावर उभी होते.

कुमुदनं पहिला मासा काढला. "आई," ती म्हणाली.

"आई नोको म्हनू," सायत्राबाई म्हणाली. "नाव घे. नावानं ओळखन पानी."

कुमुदनं आयुष्यात आईला नावानं हाक मारली नव्हती. कोण मारतं? तिनं दोनदा ओठ हलवले. मग "मालती" म्हणाली, आणि मासा हातातून सुटला, आणि ती जी रडायला लागली ती माघापासूनचं रडली. कमरेतून वाकून, पाण्यात हात तसेच ठेवून. सायत्राबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. कोणी घाई केली नाही.

मग दुसरा मासा. तो तिनं हातात धरला आणि तिच्याकडे नाव नव्हतं. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. मला वाटलं, आता सांगावं लागणार.

सायत्राबाईनं तिच्याकडे पाहिलं. काय समजायचं ते ती समजली असावी. मग पाण्याकडे पाहत म्हणाली, "आमच्या गनपतचं घे. दुष्काळात गेला तो. तलावात पानी नव्हतं, सोडाले मासाच नाई भेटला."

"गणपत," कुमुद म्हणाली आणि मासा सोडला.

मागून एक तरुण बाई पुढे आली. तिचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "माहं लेकरू बारशाच्या आधीच गेलं. त्याच्यासाठी सोडत नाईत. तुह्यापाशी हायेत तं..."

"काय म्हणू?"

"मी मनात बाळू म्हनत होती."

"बाळू," कुमुद म्हणाली.

मग बाया एकेक करून पुढे यायला लागल्या. कोणाची सासरहून पळून गेलेली आणि विहिरीत सापडलेली बहीण, तिचं तेरावं कोणी केलं नव्हतं. कोणाचा कोळशाच्या खाणीत गेलेला भाऊ, त्याची बातमी महिन्यांनी आली. जुळ्यातली एक. जन्मतःच गेलेले, ज्यांना मनातही नाव ठेवलेलं नव्हतं, त्यांना आयांनी तिथे उभ्या उभ्या नाव दिलं. कुमुद प्रत्येक नाव मोठ्यानं घेत होती. आवाज बसला तरी घेत होती. माझ्या सूत्रात मावले नाहीत ते मासे डोहात एकेक करून दिसेनासे होत होते.

शेवटची घागर तिनं तिरकी करून आत हात फिरवला. पाणी होतं, मासा नव्हता. समोर एक म्हातारी उभी होती, नाव सांगायला तिचं तोंड उघडलेलं होतं. तिनं घागरीत डोकावून पाहिलं, तोंड मिटलं, आणि कुमुदच्या हातातून घागर घेऊन ती वाळूनं घासायला बसली. तिच्यामागे आणखी कितीतरी बाया पाण्यात उभ्या होत्या.